विश्लेषण : ‘कभी अलविदा ना कहना’ने प्रेक्षकांत फूट का पाडली? लग्न मोडायला ‘दोषी’ लागतोच का?

नायक बायकोला फसवतो, नायिका नवऱ्याला. फसवले गेलेले दोघे ना मारहाण करणारे, ना व्यसनी, ना संशयी. तरीही चित्रपट शेवटी फसवणाऱ्या दोघांनाच एकत्र आणतो. 11 ऑगस्ट 2006 रोजी प्रदर्शित झालेल्या करण जोहर यांच्या ‘कभी अलविदा ना कहना’ने नेमके हेच केले. कोणाला तो काळाच्या पुढचा वाटला, कोणाला स्वार्थाला दिलेला गोंडस मुलामा. या वादात व्यभिचाराची चर्चा भरपूर झाली. पण प्रेक्षकांना खरा अडचणीत टाकणारा प्रश्न वेगळा होता : कोणाचीही चूक नसताना लग्न संपू शकते का? हाच प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे आणि संसदेपुढेही आला आहे. तो का सुटत नाही, ते समजून घेऊ.

चित्रपटाची गोष्ट काय?

गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडते. देव सरन (शाहरुख खान) यशस्वी फुटबॉलपटू. माया (राणी मुखर्जी) लग्नाच्या बोहल्यावर चढण्याआधी साशंक होऊन बाकावर बसलेली असताना दोघांची पहिली भेट होते. त्यानंतर काही क्षणांतच देवला मोटारीची धडक बसते आणि पाय कायमचा अधू होतो.

चार वर्षांनंतर देव कडवट झाला आहे. त्याची बायको रिया (प्रीती झिंटा) एका मासिकात मोठ्या पदावर आहे आणि घर तिच्या कमाईवर चालते. मायाचा नवरा ऋषी (अभिषेक बच्चन) उमदा आहे, तिच्यावर जीव टाकतो. मायाला मात्र त्याच्याबद्दल तसे काही वाटत नाही. आपापली लग्ने वाचवण्यासाठी देव आणि माया एकमेकांना मदत करू लागतात आणि त्या मदतीचेच प्रेम होते. पुढे दोघे जोडीदारांपुढे कबुली देतात. दोन्ही लग्ने मोडतात. मात्र ‘मला घरच्यांनी माफ केले’ असे खोटेच सांगून दोघे एकमेकांपासूनही दूर होतात. तीन वर्षांनी रेल्वे स्थानकावर त्यांची पुन्हा भेट होते.

प्रेक्षक कशावरून विभागले?

जोहर यांच्या आधीच्या दोन चित्रपटांनी, ‘कुछ कुछ होता है’ (1998) आणि ‘कभी खुशी कभी गम’ (2001) यांनी, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एका रांगेत बसवले होते. त्याच अपेक्षेने सहकुटुंब तिकिटे काढलेल्या प्रेक्षकांसमोर या वेळी हॉटेलच्या खोलीतला प्रसंग आला. हा प्रसंग नसावा, आपल्याकडचा प्रेक्षक तो स्वीकारणार नाही, असे चित्रीकरण सुरू असताना आदित्य चोप्रा यांनी सुचवले होते, हे स्वतः जोहर यांनीच नंतर सांगितले आहे. प्रसंग चित्रपटात राहिला.

आक्षेपाचा पहिला मुद्दा नैतिकतेचा होता : संसार मोडणाऱ्यांना ‘हॅपी एंडिंग’ का? दुसरा मुद्दा पात्रांचा. देव बायकोच्या यशावर जळतो, लहान मुलाशी तुटक वागतो, टोमणे मारतो. प्रेमाला पारखा झालेला माणूस म्हणून तो समोर येतो खरा, पण अनेकांना त्यात दुखावलेला पुरुषी अहंकारच दिसला. माया ऋषीवर प्रेम का करू शकत नाही, याचे ठोस कारणही चित्रपट देत नाही.

दुसऱ्या गटाला नेमके हेच खरे वाटले. प्रेम वाटण्याला कारण लागत नाही, मग न वाटण्याला तरी कारण का लागावे? दिसायला सगळे ठीक असलेले पण आतून रिकामे झालेले लग्न हिंदी पडद्यावर फारसे आले नव्हते.

जगभरातील एकूण कमाई 100 कोटी रुपयांच्या पुढे गेली आणि परदेशातील, विशेषतः ब्रिटन आणि अमेरिकेतील प्रतिसाद घसघशीत होता. देशात मात्र लांबी आणि विषय या दोन्हींवरून मतभेद राहिले. चित्रपट तीन तासांहून मोठा आहे.

अभिषेक बच्चन यांच्या भूमिकेने समीकरण कसे बदलले?

पटकथेच्या हिशेबाने प्रेक्षकांनी देव आणि मायाच्या बाजूने असायला हवे होते. पण कबुलीनंतर कोलमडणारा ऋषी प्रेक्षकांच्या अधिक लक्षात राहिला. या भूमिकेसाठी अभिषेक बच्चन यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

अडचण इथेच झाली. ऋषी वाईट असता, तर मायाला सोडवणूक हवी आहे असे सगळ्यांना वाटले असते. तो चांगला असल्यामुळे मायाचे जाणे अन्याय वाटू लागले. प्रेक्षकाला बाजू घ्यायची सवय असते. इथे बाजू घ्यायला खलनायकच नव्हता.

आधीच्या चित्रपटांनी हा विषय कसा हाताळला होता?

विवाहबाह्य संबंध हा हिंदी-मराठी पडद्यासाठी नवा विषय नव्हता. नवा होता तो शेवट.

‘सिलसिला’ (1981) : यश चोप्रा यांच्या या चित्रपटात अमिताभ बच्चन आणि रेखा यांची पात्रे आपापली लग्ने बाजूला ठेवून निघतात, पण शेवटी जोडीदारांकडे परततात. तेव्हा तिकीटबारीवर तो अपेक्षेइतका चालला नाही. प्रतिष्ठा पुढे मिळाली.

‘अर्थ’ (1982) : महेश भट यांच्या या चित्रपटात नवरा दुसरीकडे जातो. तो परत आल्यावर पूजा (शबाना आझमी) त्याला स्वीकारत नाही आणि दुसऱ्या पुरुषाचाही आधार घेत नाही. इथे चूक कोणाची, याबद्दल शंका नव्हती. शबाना आझमी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘उंबरठा’ (1982) : जब्बार पटेल यांच्या या मराठी चित्रपटात सुलभा (स्मिता पाटील) महिलाश्रमातील नोकरीसाठी घर सोडते. परतल्यावर नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचे कळते आणि ती उंबरठा पुन्हा ओलांडते.

‘अस्तित्व’ (2000) : महेश मांजरेकर यांनी मराठी आणि हिंदीत केलेला हा चित्रपट पुण्यातल्या घरात घडतो. संगीतशिक्षकाने मृत्युपत्रात आपल्या नावे मालमत्ता ठेवल्याने अदितीचे (तब्बू) कित्येक वर्षांपूर्वीचे नाते उघड होते. नवऱ्याचे बाहेरचे संबंध किरकोळ आणि बायकोचे एक नाते अक्षम्य, हा दुटप्पीपणा चित्रपट समोर ठेवतो. शेवटी अदिती घराबाहेर पडते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

या चारही गोष्टींत प्रेक्षकाच्या हाती काहीतरी निश्चित लागते. एकीत चुकलेले घरी परततात, तिघींत अन्याय झालेली स्त्री ताठ मानेने निघून जाते. ‘कभी अलविदा...’मध्ये जे जातात त्यांच्यावर अन्याय झालेला नाही आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ते मागे राहतात. समीकरणच उलटे होते.

मग ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घरोघरी कशी चालली?

ऑगस्ट 2016 मध्ये झी मराठीवर सुरू झालेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका चार वर्षांहून अधिक काळ चालली. विषय तोच : गुरुनाथ, त्याची बायको राधिका आणि बाहेरची शनाया. देवघरासमोर, जेवणाच्या ताटासमोर, सासू-सुनांनी एकत्र बसून ती पाहिली. तेव्हा ‘हे सहकुटुंब कसे बघायचे’ हा प्रश्न फारसा आडवा आला नाही.

कारण कोणाला शिव्या घालायच्या, हे मालिकेने पहिल्या दिवसापासून स्पष्ट केले होते. राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते, मोठी होते; गुरुनाथची फजिती होते. पाप, शिक्षा आणि न्याय हा क्रम सांभाळला की विवाहबाह्य संबंध हाही ‘कौटुंबिक’ विषय होतो. म्हणजे प्रेक्षकांना खटकतो तो विषय नव्हे. शिक्षेचा अभाव खटकतो.

मेलोड्रामा इथे नेमके काय काम करतो?

‘मेलोड्रामा’ हा शब्द आपण टोमण्यासारखा वापरतो. मोठे संवाद, ओघळणारे अश्रू, ऐन वेळी येणारा हृदयविकाराचा झटका. पण या प्रकाराचे एक ठरलेले काम असते. मनातला नैतिक गोंधळ बाहेर काढून, डोळ्यांना दिसेल अशा घटनांमधून त्याचा निकाल लावणे.

‘कभी अलविदा...’मधली नाट्यमय वळणे या नजरेने पाहिली की त्यांचे कारण कळते. समरजितला (अमिताभ बच्चन) झटका येतो, कारण कोणीतरी किंमत मोजलेली दिसायला हवी. देव आणि माया तीन वर्षे एकेकटे राहतात, कारण सुख मिळण्याआधी प्रायश्चित्त दिसायला हवे. दरम्यान ऋषी दुसऱ्या लग्नाला उभा राहतो, रियालाही नवा जोडीदार भेटतो, कारण त्यांचे भले झाल्याशिवाय नायक-नायिकेचे मीलन पचणार नाही.

चित्रपटाचा कमकुवतपणाही इथेच आहे. कोणाच्याही चुकीशिवाय लग्न संपू शकते, असे तो म्हणू पाहतो, पण त्याला स्वतःलाच ते पुरेसे पटलेले नाही. म्हणून तो आधी शिक्षा देतो आणि मग बक्षीस. ज्यांना धाडस हवे होते त्यांना तो भित्रा वाटला, ज्यांना शिक्षा हवी होती त्यांना ती अपुरी वाटली.

हीच गोष्ट 2006 मध्ये मुंबईत घडली असती तर?

तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम 497 लागू होते. विवाहित स्त्रीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. या कलमाखाली स्त्रीला शिक्षा नव्हती. पण तक्रारीचा अधिकारही तिला नव्हता.

पात्रांना हा कायदा लावून पाहा. ऋषी देवविरुद्ध फौजदारी तक्रार करू शकला असता. रिया मात्र ना देवविरुद्ध करू शकली असती, ना मायाविरुद्ध. आणि ऋषीची संमती असती तर गुन्हाच झाला नसता! दुखावली गेलेली माणसे दोन असली, तरी कायद्याच्या लेखी पीडित एकच, नवरा. बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता, ही समजूत त्या कलमाच्या मुळाशी होती.

घटस्फोटाचे गणित आणखी विचित्र होते आणि ते बऱ्याच अंशी आजही तसेच आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये व्यभिचार, क्रूरता, परित्याग अशी कारणे दिली आहेत. ‘माझे नवऱ्यावर प्रेम नाही’ हे कारण त्यात नाही. म्हणजे देव भेटण्याआधीच मायाने प्रामाणिकपणे ‘मला हे लग्न नको’ म्हटले असते, तर तिच्याकडे एकच वाट होती : 1976 च्या दुरुस्तीने आलेला परस्परसंमतीचा घटस्फोट. त्यासाठी ऋषीचा होकार हवा आणि ऋषीला तर लग्न हवे होते.

संबंध ठेवल्यावर मात्र ऋषीला घटस्फोटाचे कारण मिळते. थोडक्यात, खरे बोलणाऱ्या मायासाठी कायद्यात दार नव्हते. खोटे वागणाऱ्या मायामुळे ते उघडते. याने तिच्या फसवणुकीचे समर्थन होत नाही. पण ‘मग आधीच वेगळी का झाली नाही?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, एवढे यातून दिसते.

न्यूयॉर्कमध्ये तरी सोपे होते का?

परदेशात घटना घडवली की सगळे सोयीचे होते, असा आरोप या चित्रपटावर झाला. वस्तुस्थिती गमतीशीर आहे. न्यूयॉर्क राज्यात 1907 पासून व्यभिचार हा किरकोळ स्वरूपाचा फौजदारी गुन्हाच होता. तो कायदा फारसा वापरात नव्हता, पण तो रद्द व्हायला नोव्हेंबर 2024 उजाडले. कोणालाही दोषी न ठरवता एकतर्फी घटस्फोट मागण्याची सोय तिथे 2010 मध्ये आली. अमेरिकेच्या 50 राज्यांत ती स्वीकारणारे न्यूयॉर्क हे शेवटचे राज्य ठरले. म्हणजे 2006 मधले मॅनहॅटन या बाबतीत मुंबईपासून फार लांब नव्हते.

आता भारतात कायदा काय सांगतो?

कलम 497 ला पहिले मोठे आव्हान तत्कालीन मुंबई राज्यातल्या खटल्यातून मिळाले होते. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. 1985 मध्ये पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालानेही ते कायम राहिले. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ते रद्द केले. त्या पीठात यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. 2023 मध्ये संसदीय समितीने हा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना लागू करून परत आणावा, अशी शिफारस केली. मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो आला नाही. व्यभिचार आज गुन्हा नाही; घटस्फोटाचे कारण मात्र आहे.

कोणाचीही चूक नसताना काय? विवाह सावरता येण्यापलीकडे गेला असेल, तर ते घटस्फोटाचे स्वतंत्र कारण मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने 1978 मध्येच केली होती. मार्च 2006 मध्ये, हा चित्रपट येण्याच्या पाच महिने आधी, सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला तसा विचार करायला सांगितले. 2013 मध्ये त्यासाठीचे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले, पण पुढे बारगळले. 1 मे 2023 रोजी घटनापीठाने स्पष्ट केले की, राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 मधील विशेषाधिकार वापरून सर्वोच्च न्यायालय अशा कारणासाठी घटस्फोट देऊ शकते. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. पुण्याच्या किंवा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाला तो नाही.

मग आक्षेप घेणारे फक्त जुन्या विचारांचे होते का?

तसे म्हणता येणार नाही. ‘चूक नसताना घटस्फोट’ या तरतुदीला काही महिला संघटनांनीही विरोध केला होता. त्यांचा मुद्दा नीतिमत्तेचा नव्हता, पोटापाण्याचा होता. संसारासाठी नोकरी सोडलेल्या, नावावर घर नसलेल्या बाईला नवरा ‘आता प्रेम उरले नाही’ म्हणून सोडून गेला, तर ती जाणार कुठे? म्हणूनच 2013 च्या विधेयकात पत्नीला मालमत्तेत वाटा देण्याचा विषय जोडला गेला होता.

चित्रपटातली रिया नोकरदार आहे, घर तिचेच पैसे चालवतात. देव गेला म्हणून तिचा संसार मोडतो, पण चूल विझत नाही. ऋषीचेही तेच. आर्थिक भीती बाजूला काढल्यामुळेच हा चित्रपट फक्त भावनांवर बोलू शकला. इचलकरंजीत किंवा जालन्यात तो पाहणाऱ्या एखाद्या गृहिणीला देवचे जाणे ‘प्रेमाचा शोध’ न वाटता धोक्याची घंटा वाटली असेल, तर ती मागासलेली नव्हती. हिशेब तिला कळत होता.

आज हा चित्रपट वेगळा का दिसतो?

2022 च्या फेब्रुवारीत ‘गहराइयां’ थेट ओटीटीवर आला, तेव्हाही मते टोकाची होती. पण एक फरक होता. तो हातातल्या मोबाइलवर, हेडफोन लावून एकट्याने पाहता येत होता. 2006 मध्ये प्रेक्षक आई-वडिलांच्या आणि जोडीदाराच्या शेजारी बसला होता. पडद्यावर काय चालले आहे यापेक्षा शेजारचा काय विचार करत असेल, याचा संकोच मोठा होता. आज तीच दृश्ये तितकी धक्कादायक वाटत नाहीत. देवचे रियाशी वागणे मात्र आता अधिक खुपते.

वाद संपला का?

या वादाची किल्ली कदाचित चित्रपटातल्या एकाच प्रसंगात आहे. मरणाच्या दारात असलेला समरजित सुनेला सांगतो की तिने आपल्या मुलाला सोडून जावे. अर्धवट प्रेम देऊन ती स्वतःलाही अडकवते आहे आणि त्यालाही खऱ्या प्रेमापासून वंचित ठेवते आहे. ‘सिलसिला’त संसारात परतणारा नवरा साकारणारे अमिताभ बच्चन 25 वर्षांनी पडद्यावर हे सांगत होते आणि ज्याच्यासाठी सांगत होते तो पडद्यावरही त्यांचा मुलगाच होता.

मायाने हेच स्वतःहून म्हटले असते तर ती स्वार्थी ठरली असती. सासऱ्याने म्हटल्यावर तो त्याग झाला. पडद्यावर ती परवानगी घरातल्या वडीलधाऱ्याने दिली. प्रत्यक्षात जोडीदार राजी नसेल तर ती मागायला आजही दिल्लीपर्यंत जावे लागते.